कमरेला लावायचे पिस्तूल : घडण आणि फेरफार

पोलीस अधिकारी, रोकड वाहतुकीच्या गाडीवरचा सशस्त्र रक्षक आणि स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेला नागरिक या तिघांच्या कमरेवरचे पिस्तूल आपले बहुतेक आयुष्य होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला लावलेल्या म्यानात, काढते. ते रोज बाहेर येते, रिकामे करून तपासले जाते, पुसले जाते, भरून पुन्हा कमरेला लागते. सरावाचे दिवस सोडले तर त्यातून गोळी क्वचितच सुटते, आणि कित्येकांच्या संपूर्ण नोकरीत प्रत्यक्ष प्रसंगी ती एकदाही सुटत नाही. तरीही पिस्तुलांविषयीची बरीचशी चर्चा गोळी सुटण्याच्या त्या क्षणाभोवतीच फिरत राहते : ट्रिगर किती हलका, कागदावर गोळ्यांचा गट किती लहान, दुसरी गोळी किती लवकर. माझे मत असे आहे की, बाळगण्याच्या पिस्तुलाची पारख ते बाळगताना, काढताना, परत ठेवताना आणि रिकामे करताना कसे वागते यावरून झाली पाहिजे. त्यात फेरफार करायचाच असेल तर तो हाताला आणि डोळ्याला सोयीचा होईल असा करावा. ट्रिगरच्या आतल्या यंत्रणेला आणि सुरक्षेच्या व्यवस्थांना मात्र हात लावू नये.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये डिझाइनचे काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करतो. त्यामुळे क्रीडा पिस्तूल आणि सेवेचे पिस्तूल यांची तुलना माझ्या मनात सतत चालू असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम असावे लागते, तर १० मीटर एअर पिस्तुलासाठी ही मर्यादा ५०० ग्रॅम आहे. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती नेमबाजाच्या हाताच्या मापाने घासलेली असते. कुठे पोकळी राहिली तर तिथे पुट्टी भरून, वाळवून, पॉलिशपेपर मारून ती पुन्हा बसवली जाते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना अशी कोरीव ग्रिप म्हणजे पिस्तुलाचे आदर्श रूप वाटते. खेळापुरते ते बरोबरही आहे. पण त्या ग्रिपमध्ये हात एकाच पद्धतीने आणि सावकाश शिरतो. कमरेवरचे पिस्तूल घाईत धरावे लागते, कधी घामेजल्या हाताने, कधी पावसाच्या पाण्याने ओल्या झालेल्या हाताने, आणि उजव्या हाताला इजा झाली असेल तर डाव्या हातानेही. म्हणून त्याच्या ग्रिपचा आकार सर्वसाधारण आणि चुकीच्या पकडीलाही थोडे सांभाळून घेणारा असावा लागतो.

हाताच्या मापाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ग्रिपच्या मागच्या पाठीपासून ट्रिगरच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर हे पहिले माप. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी ग्रिपच्या पाठीवर जितकी उंच बसेल तितकी बसवायची, नळी आणि मनगट एका रेषेत ठेवायचे, आणि मग तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सहज टेकतो का ते पाहायचे. टेकत नसेल तर माणूस नकळत पिस्तूल हातात फिरवून घेतो. त्यामुळे धक्का तळहाताऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि नेम एका बाजूला सरकत राहतो. मॅगझीनमध्ये, म्हणजे ग्रिपच्या आत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, काडतुसे दोन ओळींत बसवली की ग्रिप जाड होते आणि हे अंतर आणखी वाढते. महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. म्हणजे लहान तळव्यांचे हजारो हात आज या शस्त्रांवर आहेत आणि पुढेही येणार आहेत. त्यांचा नेम चुकला तर दोष त्यांच्या सरावाला देण्याआधी ग्रिपचे माप घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

या बाबतीत अमेरिकी लष्कराच्या ०.४५ बोअरच्या (म्हणजे नळीचे माप ०.४५ इंच असलेल्या) कोल्ट पिस्तुलाची हकिगत पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरचे हे पिस्तूल १९११ साली स्वीकारले गेले. पहिल्या महायुद्धातल्या अनुभवानंतर १९२० च्या दशकात त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ट्रिगर आखूड केला, बोट पोहोचावे म्हणून ट्रिगरमागे फ्रेमला (पिस्तुलाच्या सांगाड्याला) दोन्ही बाजूंनी खाच घेतली, ग्रिपच्या मागच्या खालच्या भागाला फुगवटा दिला, बेचकीला हॅमरचा (पिनेवर आपटणाऱ्या घोड्याचा) चिमटा बसू नये म्हणून ग्रिप सेफ्टीचे, म्हणजे मूठ आवळल्याशिवाय गोळी सुटू न देणाऱ्या खटक्याचे, शेपूट लांब केले आणि पुढची साइट (नेम धरायची खूण) रुंद केली. बदलांची ही यादी नीट पाहिली तर लक्षात येते की, त्यांत आतल्या यंत्रणेचे मूळ तत्त्व कोणी बदलले नाही. लाखो सैनिकांनी वापरलेल्या शस्त्राच्या तक्रारी मुख्यतः हाताच्या आणि डोळ्याच्या होत्या, आणि उपायही तिथेच केले गेले.

हॅमरचा चिमटा म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी माझ्या काकांच्या हातावर पाहिले होते. ते पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या उजव्या हाताच्या बेचकीत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट वण आहे. आपल्या पोलिसांनी आणि सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेले ९ मिलिमीटरचे ‘१ ए’ पिस्तूल इछापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते आणि ते ब्राउनिंग हाय-पॉवरच्या कॅनडात तयार झालेल्या आवृत्तीवर बेतलेले आहे. ब्राउनिंग १९२६ साली वारल्यानंतर त्यांचा आराखडा बेल्जियममध्ये दिएदोने सेव्ह यांनी पूर्ण केला आणि १९३५ मध्ये १३ काडतुसांच्या मॅगझीनसह हे पिस्तूल बाजारात आले. ग्रिप अतिशय सुबक आहे, आजही हातात घेतल्यावर प्रसन्न वाटते. पण मांसल हाताच्या माणसाने ते उंच धरले की, मागे येणारा हॅमर बेचकीची कातडी फ्रेमवर चिमटतो. काकांना मी विचारले, “मग तुम्ही काय करायचात?” ते म्हणाले, “काय करणार? हात थोडा खाली धरायचा. खाली धरला की नळी वर उडायची. फायरिंगच्या दिवशी पट्टी लावायचो, झालं.” फ्रेमच्या शेपटाची लांबी थोडी वाढवली असती, तर एका पूर्ण पिढीची पकड सुधारली असती.

ग्लॉकच्या ग्रिपचा प्रवासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. गॅस्टन ग्लॉक यांचे ग्लॉक १७ हे पॉलिमर फ्रेमचे आणि १७ काडतुसांचे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारले. पुढे तिसऱ्या पिढीत ग्रिपच्या पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा दिल्या गेल्या. ज्यांची बोटे त्या खाचांत बसली त्यांना त्या आवडल्या. ज्यांची बसली नाहीत, त्यांची बोटे उंचवट्यांवर चढून बसली. २०१० च्या चौथ्या पिढीत ग्रिपची पाठ कमीजास्त करण्यासाठी बदलत्या पट्ट्या आल्या आणि २०१७ च्या पाचव्या पिढीत खाचा काढून टाकण्यात आल्या. ज्याला इतरांचे बोट किती जाड असेल हे ठाऊक नाही त्याने तयार खाच कोरून देऊ नये, हा धडा कारखान्यालाही वीस-एक वर्षांनी पटला. बदलत्या पट्ट्यांची पद्धत आता अनेक उत्पादकांनी घेतली आहे. काहींनी पाठीबरोबर बाजूच्या पट्ट्याही बदलता येतील अशी सोय केली आहे. माझ्या दृष्टीने गेल्या पंचवीस वर्षांतली सेवेच्या पिस्तुलातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, कारण एकच शस्त्र शस्त्रागारातून कोणाच्याही हाती गेले तरी त्याच्या हाताला जुळवून देता येते आणि पुन्हा मूळ रूपात आणता येते.

ग्रिपच्या पृष्ठभागाविषयी थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात हाताला घाम येतो आणि गुळगुळीत प्लास्टिक निसटते, त्यामुळे खरखरीतपणा हवा. पण सदऱ्याच्या आत, अंगालगत बाळगणाऱ्याला फार धारदार खरखरीतपणा सोसत नाही. कातडी सोलवटते आणि सदऱ्याचे अस्तर फाटते. पॉलिमर फ्रेमवर तापत्या टोकाने ठिपके उठवून घेण्याची पद्धत परदेशात लोकप्रिय आहे. ती मला पसंत नाही, कारण एकदा वितळलेले प्लास्टिक परत भरता येत नाही. रबरी आवरण किंवा चिकटपट्टी लावली तर ती आवडली नाही म्हणून काढून टाकता येते.

आता ट्रिगर. फेरफारांचा सर्वाधिक उत्साह इथेच दिसतो आणि धोकाही इथेच आहे. ट्रिगरच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत हॅमर आधी मागे ओढलेला असतो आणि ट्रिगर फक्त तो सोडतो. १९११ चे कोल्ट आणि हाय-पॉवर या गटातली. दुसरीत पहिल्या गोळीला ट्रिगरच हॅमर मागे नेतो आणि सोडतो, त्यामुळे ओढ लांब व जड असते. पुढच्या गोळ्यांना स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, हॅमर मागे नेत असल्याने ओढ आखूड व हलकी होते. १९२९ चे वाल्थर पीपी हे या पद्धतीचे व्यापारी यश मिळवणारे पहिले ठळक उदाहरण. तिसरी पद्धत स्ट्रायकरची, म्हणजे हॅमर नाही, आतली पिन अर्धवट ताणलेली असते आणि ट्रिगर तिला उरलेला ताण देऊन सोडतो. ग्लॉकमध्ये हीच आहे, ट्रिगरचे वजन सुमारे अडीच किलो आहे आणि प्रत्येक गोळीला ओढ सारखीच लागते. ही सारखी ओढ शिकवायला सोपी पडते, म्हणून जगभरच्या पोलीस दलांनी ती उचलली.

अडीच किलोच्या ओढीवर बालेवाडीचा नेमबाज नाक मुरडतो. त्याच्या पिस्तुलाला एक किलो पुरते. पण रेंजवरचा नेमबाज शांत उभा असतो, त्याच्यासमोर कागद असतो आणि आदेशावाचून तो बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत नेत नाही. अंधाऱ्या जिन्यात पळत चढणाऱ्या माणसाची मूठ भीतीने आवळली जाते, तोल गेला की दुसऱ्या हाताने कठडा धरताना पिस्तूल धरलेला हातही आपोआप घट्ट होतो. अशा वेळी बोट चुकून आत असेल तर एक किलोची ओढ केव्हा पूर्ण झाली हे कळणारही नाही. याच भीतीपोटी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९० च्या दशकात रिव्हॉल्व्हर सोडून अर्धस्वयंचलित पिस्तुले घेताना ग्लॉकचा ट्रिगर मुद्दाम सुमारे साडेपाच किलोचा करून घेतला. हे दुसरे टोक झाले. इतक्या जड ओढीने पिस्तूल हातात हलते, नेम बिघडतो, आणि चुकलेली गोळी रस्त्यावरच्या भलत्याच माणसापर्यंत पोहोचू शकते. दोन ते तीन किलोंच्या दरम्यानची, गुळगुळीत आणि शेवटी स्पष्ट तुटणारी ओढ सेवेला योग्य, असे माझे मत आहे, आणि बहुतेक आधुनिक पिस्तुले कारखान्यातूनच त्या टप्प्यात निघतात.

मग हलका ट्रिगर करून घेण्याचे लोक का मनावर घेतात? कारण तो फरक दुकानात, रिकाम्या पिस्तुलावर, पहिल्याच ओढीला जाणवतो. त्याची किंमत नंतर कळते. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक वयस्क कारागीर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या बाकावर भिंगाखाली त्यांनी मला पितळी काडतुसाची दोन बूडे दाखवली होती. एकावर पिनेचा खळगा खोल, मध्यभागी आणि काठ स्वच्छ असलेला. दुसऱ्यावर नखाने उमटवल्यासारखी उथळ खूण आणि काडतूस न फुटलेले. दुसरे काडतूस ज्या ०.३२ च्या पिस्तुलातले होते, त्याच्या हॅमरची स्प्रिंग कोणीतरी दोन वेढे कापून हलकी केली होती. “साहेब, ट्रिगर लोण्यासारखा झालाय, पण दहातलं एक वाजत नाही,” असे म्हणून त्यांनी नवी पूर्ण लांबीची स्प्रिंग बसवली, ट्रिगरला वजन लावून ओढ मोजली आणि ती पूर्वीपेक्षा जड आली तेव्हाच त्यांचे समाधान झाले. स्प्रिंगची ताकद कारखान्याने उगाच ठरवलेली नसते. धूळ, थंडी, घट्ट झालेले जुने तेल आणि जाड पत्र्याचा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) या सगळ्यांना पुरून उरेल एवढी शिल्लक त्यात ठेवलेली असते. ट्रिगर हलका करणारा ती शिल्लक खर्च करून टाकतो.

स्प्रिंगपेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे सीअर (ताणलेला हॅमर अडवून धरणारा खटका) आणि हॅमरच्या खाचेतली पकड. माझ्या कामात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची मापे रोजची आहेत, म्हणून हे जबाबदारीने लिहितो. त्या दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची बैठक फार थोडी असते, आणि वरचा कडक केलेला थर पातळ असू शकतो. पॉलिश करता करता तो थर उडाला, तर आज सुरेख चाललेला ट्रिगर काही शे गोळ्यांनंतर घसरू लागतो. स्लाइड पुढे आपटली की हॅमर आपोआप सुटणे किंवा एका ओढीत दोन गोळ्या जाणे, हे त्याचे पुढचे टप्पे. ते दुरुस्त करण्याची जागा घर नव्हे आणि माझ्यासारख्या टूलरूमवाल्याचे टेबलही नव्हे.

सुरक्षेच्या व्यवस्था काढून टाकण्याचा इतिहासही जुना आहे. कोल्ट कंपनीतले जे. एच. फिट्झगेराल्ड १९२० च्या दशकात खिशात बाळगण्याच्या रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरगार्डचा पुढचा भाग कापून देत, म्हणजे बोट लवकर आत जावे. त्याच वेळी हॅमरचे टोक कापून गोल करणे, कडा मऊ करणे ही त्यांची इतर कामे मात्र उत्तम होती आणि आजच्या बाळगण्याच्या पिस्तुलांत ती रूढ झाली आहेत. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन प्रकारच्या बदलांपैकी काळाने कोणते ठेवले आणि कोणते टाकले, हे बोलके आहे. उघड्या ट्रिगरगार्डचे पिस्तूल आज कोणतेही दल स्वीकारणार नाही.

हाय-पॉवरच्या मॅगझीन सेफ्टीविषयीही माझे मत थोडे वेगळे आहे. मॅगझीन काढले की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, काडतूस असले तरी या पिस्तुलातून गोळी सुटत नाही. त्या व्यवस्थेचा भाग मॅगझीनच्या पुढच्या पृष्ठभागावर घासतो, त्यामुळे ट्रिगर खरखरतो आणि मॅगझीनही मोकळे खाली पडत नाही. परदेशातले हौशी लोक ती सर्रास काढून टाकतात. ट्रिगर खरोखरच सुधारतो, हे मान्य. पण पिस्तूल रिकामे करताना मॅगझीन काढून चेंबरमधले काडतूस विसरणे, ही माणसाकडून होणारी अगदी नेहमीची चूक आहे. जिथे रोज संध्याकाळी दमलेले लोक शस्त्र जमा करतात, तिथे मी थोडा खरखरीत ट्रिगर आनंदाने पत्करेन. पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून पिनेला अडवणाऱ्या ठोकळ्याबाबतही हेच. कोल्टने १९८३ च्या सुमारास तो आपल्या १९११ मालिकेत घातला, तेव्हा ट्रिगर बिघडल्याची पुष्कळ ओरड झाली. आज पडल्यावर सुरक्षित असणे ही सेवेच्या पिस्तुलाची पहिली अट मानली जाते.

डोळ्याच्या सोयीकडे वळू. जुन्या पिस्तुलांच्या साइट फार बारीक असत, आयुधनिर्माणीच्या ०.३२ च्या अशनी पिस्तुलाचीही तीच गत आहे. पुढची साइट ठळक आणि उठावदार, मागची काळी आणि चकाकी न मारणारी, आणि मागच्या खाचेतून पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना पुरेसा उजेड दिसणारा, एवढे झाले तरी सामान्य नेमबाजाची गती लक्षणीय वाढते. पोलादी मागच्या साइटचा पुढचा काठ उभा ठेवण्याची पद्धतही उपयुक्त आहे, कारण एक हात निकामी झाला तर तो काठ पट्ट्याला अडकवून स्लाइड मागे ओढता येते. ट्रिशियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनच्या साइट अंधारात स्वतः चमकतात. ट्रिशियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने दहा-बारा वर्षांनी त्यांचा उजेड निम्मा होतो, आणि खरेदी करताना हे गृहीत धरावे. ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांना पुढची साइट धूसर दिसू लागते. त्यांच्यासाठी स्लाइडवर बसवलेल्या छोट्या काचेत दिसणारा लाल ठिपका हे मोठे वरदान आहे. नजर लक्ष्यावरच ठेवायची, ठिपका तिथे आणायचा. ग्लॉकने २०१५ पासून स्लाइडमध्ये त्यासाठी कारखान्यातच जागा करून द्यायला सुरुवात केली आणि मग स्लाइड स्वतंत्रपणे मिलिंग करून घेण्याची गरज कमी झाली. मात्र उघड्या प्रकारच्या ठिपक्यात पावसाचा एक थेंब प्रकाशकावर बसला की ठिपका फुटतो किंवा दिसेनासा होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. घ्यायचाच तर बंद पेटीतला घ्यावा आणि लोखंडी साइट काढू नयेत.

नळीखालच्या रेलवर (खाचांच्या पट्टीवर) दिवा लावता येतो. अंधारात समोरच्या माणसाच्या हातात शस्त्र आहे की मोबाईल हे ओळखता येणे, याचे महत्त्व सांगायला नको. पण पिस्तुलावरचा दिवा ज्याच्याकडे वळवला त्याच्याकडे नळीही वळते, म्हणून रस्ता शोधायला किंवा गाडीत डोकावायला हातातली बॅटरी वेगळी हवीच. दिवा लावला की जुने होल्स्टर निकामी होते. नवीन होल्स्टरचे तोंड रुंद असल्याने ट्रिगरगार्डच्या बाजूला फट राहते का, तिथून कापडाची दोरी किंवा बोट आत जाते का, हे तपासावेच लागते.

होल्स्टर आणि लॅनयार्ड यांना मी पिस्तुलाचाच भाग मानतो. आपल्या पोलिसांच्या गळ्यातली किंवा खांद्यावरची लॅनयार्डची दोरी परदेशी छायाचित्रांत फारशी दिसत नाही, म्हणून काही तरुणांना ती जुनाट वाटते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर अलका चौकाच्या दिशेने मिरवणूक सरकत असताना ज्यांनी बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला गर्दीत चारी बाजूंनी दाबला जाताना पाहिले आहे, त्यांना ती जुनाट वाटणार नाही. मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, तितका वेळ ढोलताशाच्या आवाजात आणि गुलालात उभे असताना कमरेवरचे शस्त्र कोणी ओढले तरी ते अंगापासून सुटू नये, याची ती साधी तजवीज आहे. त्यासाठी ग्रिपच्या तळाशी कडी हवी, आणि ती कडी मॅगझीन बदलताना आड येऊ नये. अंगठ्याने सोडवायच्या अडकणीचे होल्स्टरही गर्दीत तितकेच गरजेचे आहे.

साध्या वेषात बाळगणाऱ्याचे प्रश्न वेगळे आहेत. पातळ सुती सदऱ्यातून पिस्तुलाचा आकार उमटतो, आणि तो मुख्यतः ग्रिपच्या तळाच्या कोपऱ्यामुळे. नळी लांब असली तरी ती विजारीत लपते, ग्रिप लपत नाही. म्हणून बाळगायला आखूड ग्रिप आणि त्यामानाने लांब नळी हे जुळणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कडा गोल असाव्यात, हॅमर व सेफ्टी सदऱ्यात अडकू नयेत. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोर यांनी स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ३९ वर बेतून असे एक पिस्तूल घडवले होते. त्याच्या सगळ्या कडा मऊ केल्या होत्या, आणि ग्रिपच्या पारदर्शक पट्ट्यांतून मॅगझीनमधली काडतुसे दिसत. किती काडतुसे उरली हे पिस्तूल न उघडता कळावे, ही कल्पना आजही मला विलक्षण वाटते.

पावसाळ्याचा विषय आला तेव्हा गंजाबद्दलही बोलायला हवे. रसायनाने निळसर केलेले (ब्लूइंगचे) पोलाद दिसायला सुंदर, पण घामाला आणि दमटपणाला लवकर बळी पडते. नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजन मुरवून कडक केलेला, पृष्ठभाग बराच टिकाऊ असतो. ज्यांचे पिस्तूल जुन्या पद्धतीचे आहे त्यांनी ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादाला लागतात. होल्स्टर वेगळे, पिस्तूल कोरडे पुसून तेलाचा पातळ हात फिरवून वेगळे, अशीच सवय हवी. गंजाचे पहिले ठिपके बहुधा ग्रिपच्या पट्ट्यांखाली उठतात, जिथे रोज कोणी पाहत नाही.

भारतीय नागरिकाच्या बाबतीत कायद्याची चौकट आधी येते. ९ मिलिमीटरचे काडतूस नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे परवान्यावर सहसा ०.३२ चे पिस्तूल किंवा कानपूरचे रिव्हॉल्व्हर येते. २०१४ साली कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ हे हलक्या टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा विचार करूनच काढले होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर हे परवानाधारक व्यावसायिकाचे काम आहे, नळी आखूड करण्यावर स्वतंत्र बंधन आहे, आणि शस्त्रावरचा क्रमांक पुसणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ही बंधने मला जाचक वाटत नाहीत. ग्रिपच्या पट्ट्या, योग्य होल्स्टर आणि परवानाधारक कारागिराकडून बसवून घेतलेली ठळक साइट, एवढ्यात बाळगणाऱ्याची खरी गरज जवळजवळ पूर्ण होते.

क्रमांकाचा विषय निघाला म्हणून एक नवी दिशा नोंदवतो. सिग सॉअरच्या पी ३२० मध्ये क्रमांक फ्रेमवर नसून आतल्या ट्रिगर यंत्रणेच्या पोलादी चौकटीवर असतो. तिच्याभोवतीची पॉलिमर ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशी बदलता येते. २०१७ साली अमेरिकी लष्कराने निवडलेले एम १७ याच घराण्यातले. यंत्रणा एक, हात अनेक, ही मांडणी मला तत्त्वतः फार पटते. आपल्या पुण्यातही या विचाराला पोषक वातावरण आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसांचे काम करतो आहे, आणि पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर तयार केलेल्या ‘अस्मी’ या ९ मिलिमीटरच्या मशीन पिस्तुलाची घोषणा जानेवारी २०२१ मध्ये झाली. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा असून, ट्रिगरच्या भागांसह अनेक भागांचे नमुने त्रिमितीय छपाईने बनवले गेले. ज्या शहरात एक नमुना छापून, हातात धरून, पुन्हा बदलून पाहता येतो, तिथे आपल्या पोलिसांच्या, त्यातही महिला पोलिसांच्या हातांची रीतसर मापे घेऊन ग्रिपचे तीन-चार आकार ठरवणे अवघड नाही. हे काम कोणीतरी हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शेवटी कोणताही बदल केल्यावरची तपासणी. साइट बदलली तर नेम पुन्हा जुळवावा लागतो. ग्रिपची पट्टी बदलली तर होल्स्टरमधून काढताना पकड पहिल्याच वेळी पूर्ण बसते का, हे रिकाम्या पिस्तुलावर पाहावे लागते. स्प्रिंग बदलली तर जी काडतुसे प्रत्यक्ष बाळगायची त्याच प्रकारची पुरेशी काडतुसे एकदाही न अडकता चालली पाहिजेत. परवान्यावर वर्षाला मिळणाऱ्या काडतुसांची संख्या मर्यादित असते आणि ०.३२ ची काडतुसे महागही पडतात. प्रत्येक फेरफार त्या मोजक्या काडतुसांतला वाटा मागतो, आणि तेवढा सराव कमी होतो. म्हणून मला कोणी सल्ला विचारला तर मी क्रम असा सांगतो : आधी हाताचे माप, मग होल्स्टर, मग साइट, आणि उरलेली सगळी काडतुसे सरावाला.